बाबा वावरात फोन नेतच नाहीत, म्हणे हरवेल! यावर उपाय काय?

वावरचा_पोरगा
नमस्कार मंडळी. गाव आर्वी तालुक्यात, मी नोकरीला पुण्यात. घरी आई-बाबा, पाच एकर कोरडवाहू-ओलिताचं मिळून, कपाशी आणि तुरी. गेल्या दिवाळीत बाबांना चांगला टचस्क्रीन घेऊन दिला. आज तो फोन आलमारीत आईच्या साड्यांखाली असतो आणि बाबा वावरात. कारण विचारलं की एकच उत्तर, "हरवला तं?"

त्यांची भीती खोटी आहे असंही नाही. बँक, आधार, पीएम किसानची केवायसी, कापूस विकायची नोंदणी, सगळ्यांचा ओटीपी त्या एकाच नंबरवर येतो. पण आमच्याकडे थ्री फेज लाइन बरेचदा रात्रीच असते. मोटर चालू करायला बाबा एकटे जातात, हातात बॅटरी आणि काठी. विहिरीला कठडा नाही. शिवारात बिबट्याचे पंजे दिसले असं गावातले सांगतात. मी इकडून फोन लावतो, तो आई उचलते आणि म्हणते, "अजून आले नाईत."

समजावून झालं, रागावूनही झालं. तुमच्याकडे हा प्रकार आहे का? काय केलंत?

डवरा
लँडलाइन घेऊन द्यायचा होता ना भाऊ, स्वस्तात पडला असता :)

पांदणरस्ता
आमच्या बुढ्याचंबी असंच होतं. मंग म्या एक बटनवाला आणून देला. हजार-दीड हजारात भेटते. एकदा चार्ज केला का दोन-चार रोज पाहाचं काम नाई, टॉर्च हाय, चिखलात पडला तं दुपट्ट्यानं पुसून घेते. हरवला तं हरवला. मोठा फोन घरी, बटनवाला खिशात. इषय संपला.

हिशोबनीस
संपला कुठे? दोन फोन म्हणजे दोन सिम, दोन सिम म्हणजे दोन रिचार्ज. शेतकऱ्याच्या घरात आधीच पोराचा वेगळा, पोरीचा वेगळा. २०२५ च्या सुरुवातीपासून ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, आदेशामुळे कंपन्यांनी डेटा नसलेले, फक्त कॉल आणि मेसेजचे पॅक काढलेत हे खरं, पण ते मोठ्या मुदतीचे असतात आणि दुकानदार आपणहून सांगत नाही. मागावे लागतात.

मी म्हणतो नवीन सिम कशाला? आहे तेच सिम बटणाच्या फोनात टाका. ओटीपी हा साधा मेसेज आहे, त्याला टचस्क्रीन लागत नाही.

कस्तुरबा_चौक
हिशोबनीस काका, इथे मात्र तुमचा हिशोब चुकतो. सिम मोठ्या फोनातून काढलं की पैसे पाठवायचं अॅप पुन्हा नोंदणी मागतं, कारण ते त्या फोनातल्या सिमशी बांधलेलं असतं. आणि मुख्य गोष्ट अशी की या घरात जपायची वस्तू फोन नाही, सिम आहे. दहा हजाराचा फोन गेला तर हळहळ होते. ओटीपीचं सिम कोणाच्या हाती लागलं तर तो ते काढून आपल्या फोनात टाकतो आणि मेसेज त्याला जायला लागतात. तेच सिम बटणाच्या फोनात घालून वावरात पाठवायचं म्हणजे किल्ली घरी आणि तिजोरी बांधावर.

म्हणून धागाकर्त्याचे बाबा निम्मे बरोबर आहेत. ओटीपीचं सिम घरीच राहू द्या. वावरात दुसरं, स्वस्तातलं, ज्याला बँकही जोडलेली नाही आणि आधारही नाही असं. जमलं तर घरच्या सिमला पिन लावा. ते दुसऱ्या फोनात टाकलं की आधी पिन मागतं. तीनदा चुकला की पीयूके, म्हणजे सिम उघडायचा कोड, लागतो, तो कंपनीकडून मिळतो. फक्त पिन आईला सांगून ठेवा, नाहीतर फोन बंद होऊन चालू झाला की घरचेच बाहेर.

पांदणरस्ता
म्हंजे म्याच बरोबर सांगतलं होतं. दोन वळीत.

निवृत्त_जमादार
ठाण्यात बसून मोबाईल हरवल्याच्या तक्रारी लिहिण्यात आयुष्य गेलं, म्हणून थोडं लांबण लावतो.

बाजारात, एसटीत चढताना, शेगावच्या गर्दीत, लग्नात. जागा ठरलेल्या आहेत. माणूस घामाघूम होऊन येतो. "आयएमईआय नंबर सांगा" म्हटलं की आमच्याकडे पाहतो. खोका? "तो पोरानं खेळायले घेतला." बिल? "दुकानदार ओळखीचा हाय." आता सांगा, कोणता फोन शोधायचा?

आज घरी बसल्या बसल्या एक काम करा. फोनवर *#०६# दाबा. १५ आकडी नंबर येईल, तोच आयएमईआय, म्हणजे फोनची ओळख. दोन सिमचा फोन असेल तर दोन येतील. सातबारा ज्या फाइलमध्ये ठेवता त्या फाइलमध्ये तो लिहून ठेवा. फोनमध्ये फोटो काढून ठेवू नका, तो फोनाबरोबरच जातो. हे हसण्यावारी नेऊ नका, असं करणारे भेटलेत मला.

फोन गेलाच तर घरच्या दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला सांगायचं आणि सिम बंद करायचं. मग ठाण्यात तक्रार आणि कंपनीच्या दुकानातून त्याच नंबरचं नवीन सिम. त्यानंतर सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर किंवा अॅपवर फोन ब्लॉक करायचा. ही सोय २०२३ च्या मे महिन्यापासून देशभर आहे. तिथे आयएमईआय, तक्रारीची प्रत आणि ओळखपत्र लागतं, आणि ओटीपी येतो, म्हणून सिम आधी. ब्लॉक झालेला फोन दुसऱ्याच्या कामाचा राहत नाही, आणि त्यात कोणी सिम टाकलं तर माग लागतो. खात्यातून पैसेच गेले असतील तर मात्र बाकी सगळं सोडून पहिल्यांदा १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. त्यात जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात सरकलेले असतात.

डवरा
जमादार साहेब, माग लागतो म्हणता, पण फोन परत येतो का? खरं सांगा.

निवृत्त_जमादार
काहींचा येतो, काहींचा नाही. सुटे भाग करून विकला तर कुठून येणार? पण आयएमईआय नसलेल्याचा येत नाही, एवढं नक्की.

तुरीची_शेंग
माझ्या भावाचा आला होता परत. कव्हरसकट. फक्त कव्हरमधली पाचशेची नोट नव्हती :)

डवरा
कव्हर म्हटलं की आठवलं. लोक कव्हरमध्ये काय काय ठेवतात! आमच्या काकाजींच्या फोनाच्या मागे गजानन महाराजांचा फोटो, बेलाचं पान, कृषी केंद्राची उधारीची चिठ्ठी, एटीएम कार्ड आणि एका कागदावर त्याच कार्डाचा पिन. चोराला काही शोधायचं कामच नाही.

कस्तुरबा_चौक
महाराज आणि बेल राहू द्या. बाकीचं आजच्या आज काढा.

पांदणरस्ता
उधारीची चिठ्ठीबी राहू द्या. चोर भरून देईन कदाचित.

सिस्टरताई
मी यवतमाळ जिल्ह्यात उपकेंद्रावर काम करते. इथे सगळे फोन हरवण्याबद्दल बोलत आहेत. माणूस पडल्यावर काय होतं तेही सांगते.

रस्त्यावर पडलेल्या माणसाला कोणीतरी गाडीवर टाकून आणतं. खिशात फोन असतो, पण लॉक. बोट लावून उघडायचा प्रयत्न करतो, बोटाला माती, फवारणीचं औषध, उघडत नाही. मग आम्ही वाट पाहतो की घरून कोणाचा तरी फोन येईल. बहुतेक टचस्क्रीन फोनांमध्ये लॉक न उघडता दिसेल अशी आपत्कालीन माहिती भरता येते. सेटिंगमध्ये 'सुरक्षितता आणि आणीबाणी' असं काहीतरी असतं. त्यात घरच्या दोन माणसांचे नंबर, रक्तगट, शुगर-बीपीच्या गोळ्या आणि सिकलसेल असेल तर ते ठळकपणे लिहा. आपल्या भागात हा आजार किती आहे ते मी सांगायला नको. आजाराचं कार्ड घरी राहतं, फोन बरोबर असतो. धागाकर्त्याच्या बाबांचा सोडून :)

फवारणीला जाण्याआधी औषधाच्या डब्याच्या लेबलचा फोटो काढून घरी पाठवा. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसं गेली, ते सगळ्यांना माहीत आहे. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, औषध कोणतं होतं? उत्तर येतं, "हिरव्या डब्यातलं."

साप चावला तर मात्र फोटो काढायला सापामागे जाऊ नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसे, चौघांवरही एकच लस चालते. तो वेळ १०८ ला द्या. आणि १०८ लावल्यावर त्या फोनवरून नातेवाइकांना बातमी सांगत बसू नका. गाडीचा चालक रस्ता विचारायला त्याच नंबरवर परत फोन करतो आणि तो व्यस्त लागतो. वावराला पत्ता नसतो, म्हणून गाव, फाटा, जवळची टाकी किंवा देऊळ सांगा आणि एक माणूस बॅटरी घेऊन फाट्यावर उभा करा.

वावरचा_पोरगा
सिस्टरताई, मनापासून आभार. लेबलच्या फोटोचं कधी सुचलंच नव्हतं.

धारणीचा_मास्तर
आमच्या मेळघाटात वेगळंच दुखणं. फोन आहे, रेंज नाही. कितीतरी गावांत एक ठरलेला दगड किंवा टेकडी असते, तिथे उभं राहिलं की दोन कांड्या येतात. तिथे तुमच्या दोन फोनांचं काय करू?

म्हणून आम्ही जुनीच सवय पाळतो. कुठे चाललो, कोणत्या वाटेने आणि कधी येणार, हे घरी सांगून जायचं. दिवस मावळल्यावर माणूस आला नाही तर त्या वाटेने बघायला निघायचं. हल्ली शहरातून आलेली पोरं 'फोन आहे ना' म्हणून काहीच सांगत नाहीत, आणि रेंज गेली की सगळं गाव शोधत फिरतं.

एक मात्र लक्षात ठेवा. आपल्या कंपनीची रेंज नसली आणि फोनवर 'फक्त आपत्कालीन कॉल' दिसत असेल, तर दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीचा टॉवर आवाक्यात आहे. अशा वेळी ११२ लागतो. लोक रेंज नाही म्हणून प्रयत्नच करत नाहीत.

पर्लकोटा_पल्याड
मास्तर, तुमच्याकडे टेकडी तरी आहे. आमच्या भामरागडात पर्लकोटा नदी पुलावर चढली की रस्ता बंद, मग वीज जाते, मग टॉवरची बॅटरी संपते, मग सगळ्यांचे फोन सारखेच. महागडा आणि स्वस्त दोन्ही फक्त घड्याळ दाखवतात.

पावसाळ्यात आभाळ भरलं की आमच्याकडे पहिलं काम फोन, बॅटरी, पॉवर बँक सगळं चार्जिंगला लावणे. दुसरं म्हणजे थोडे रोख पैसे घरात ठेवणे, कारण नेट गेलं की स्कॅनर म्हणजे भिंतीवरचं चित्र. आणि नंबर वहीत. आमच्या आजीने दारामागे कोळशाने नंबर लिहून ठेवलेत. रंग दिला तेव्हा तेवढी जागा सोडली.

हिशोबनीस
रोख पैशांचं शंभर टक्के मान्य.

डवरा
विषय निघालाच आहे तर विचारतो. विजा चमकताना वावरात फोन जवळ असला तर वीज पडते म्हणतात. आमच्याकडे आभाळ आलं की सगळे फोन बंद करतात.

पांदणरस्ता
पडतेच. आमच्या इकडं एकाच्या खिशात मोबाईल होता, त्याच्यावरच पडली.

धारणीचा_मास्तर
त्याच्या खिशात तंबाखूची डबीही असेल, भाऊ. हातातला फोन वीज ओढत नाही. चार्जिंगला लावलेला फोन कानाला लावू नये, ते खरं, कारण तो तारेला जोडलेला असतो. माणसं जातात ती झाडाखाली थांबल्याने आणि उघड्या वावरात सगळ्यांत उंच तेच असल्याने. उलट फोन चालू ठेवा. पुण्याच्या हवामान संशोधन संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, 'दामिनी' नावाचं अॅप केलं आहे, ते २० ते ४० किलोमीटरच्या टापूतल्या विजेचा इशारा देतं.

पांदणरस्ता
पन दामिनी बटनवाल्यात चालत नाई ना.

धारणीचा_मास्तर
नाही चालत. घरच्या फोनात टाका, आणि इशारा आला की घरच्याने वावरात फोन लावून "निघा" म्हणायचं.

कस्तुरबा_चौक
बटणाच्या फोनाबद्दल आणखी एक. २०१७ पासून नवीन फोनात संकटाचं बटण देण्याचा नियम आहे. साध्या फोनात ५ किंवा ९ दाबून धरायचं, टचस्क्रीनवर पॉवरचं बटण पटापट तीनदा. कोणत्या फोनात कसं चालतं ते माहितीपुस्तिकेत बघा, दाबून बघू नका, खरोखर फोन लागतो. आणि २ वर घरचा नंबर लावून ठेवा. चष्मा नसला तरी २ सापडतो.

तुरीची_शेंग
मगापासून वाचते आहे. बाबांचा फोन, काकाजींचा फोन, बुढ्याचा फोन. आईचं काय हो?

निंदायला, वेचायला बाया मेटॅडोरमध्ये, ऑटोत दाटीवाटीने बसून दुसऱ्या गावच्या वावरात जातात. सकाळी डबा घेऊन निघाल्या की संध्याकाळी घरी. अख्ख्या गाडीत एक फोन असतो, तोही ठेकेदारनीचा. मागे आमच्या गावची गाडी उलटली तेव्हा कोण कोण गाडीत होतं, हेच दोन तास कळलं नाही. थोडक्यात निभावलं म्हणून बरं. घरी मागे फोन आहे, पण तो आलमारीत, कारण "तिले फोन कायले लागते?" धागाकर्ते, तुमची आई दिवसभर घरीच असते का?

वावरचा_पोरगा
नाही ताई. हंगामात रोजच जाते, कधी आमच्या, कधी दुसऱ्याच्या वावरात. विचारच केला नव्हता या बाजूने. दिवाळीला गावी जातो आहे, तेव्हा बघतो.

मोहफूल
मी रात्रीच्या जागलीबद्दल सांगतो. रानडुकरं येऊ नये म्हणून आमच्याकडे मचाणावर मोबाईल मोठ्या आवाजात लावून ठेवतात. भजन, तमाशा, बातम्या, काहीही. डुकरांना सवय झाली की तीही ऐकत चरतात. मुद्दा असा की पहाटेपर्यंत बॅटरी शून्य, आणि त्याच वेळी काही झालं तर फोन मेलेला. गाण्यांना वेगळा स्पीकर किंवा रेडिओ ठेवा.

डवरा
डुकरांना बातम्या लावल्या तर ती जिल्हा सोडतील.

सिस्टरताई
उन्हाळ्याचंही लिहा कोणीतरी. चंद्रपूर, अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, फोन ट्रॅक्टरच्या बोनटवर ठेवतात आणि मग चार्ज होत नाही म्हणून फ्रिजमध्ये ठेवतात. आतून दमट होतो. सावलीत, कव्हर काढून पडू द्या, होतो बरोबर.

हिशोबनीस
जमादार साहेब, एक शंका. सिम नवीन घेतल्यावर ओटीपी लगेच येतात ना? कापूस विकायचा स्लॉट, म्हणजे ठरलेली वेळ, चुकायला नको.

निवृत्त_जमादार
लगेच नाही. नवीन सिम चालू झाल्यावर २४ तास मेसेज बंद असतात, चोरांनी डुप्लिकेट सिम काढून खाती रिकामी करू नयेत म्हणून. एवढा वेळ धरून चाला. फोन सोमवारी हरवला आणि मंगळवारी सकाळी ओटीपी लागणार असेल तर अवघड आहे.

कस्तुरबा_चौक
म्हणून तर ते सिम घरी.

वावरचा_पोरगा
मंडळी, दिवाळीला जाऊन आलो, म्हणून धागा वर काढतो.

बटणाचा फोन घेतला, नवीन सिम, २ वर घरचा नंबर, ३ वर माझा. मोठ्या फोनाचे दोन्ही आयएमईआय सातबाऱ्याच्या फाइलमध्ये. कव्हर उघडलं तर आत एटीएम कार्ड निघालंच, पिन सुदैवाने नव्हता. दारामागे सगळ्यांचे नंबर लिहिले, कोळशाने नाही, मार्करने.

बाबांनी फोन घेतला, वावरातही नेला. मी पुण्याहून लावला तर बंद. संध्याकाळी विचारलं तर म्हणे, "बॅटरी कायले जाळाची? काम पडलं तं चालू करतो." समजावलं की काम मला पडतं, तुम्हाला नाही. दोन दिवस चालू ठेवला, तिसऱ्या दिवशी पुन्हा बंद.

मग तुरीची_शेंग ताईंचं आठवलं. तो फोन आईला दिला. ती वेचणीला नेते, गळ्यात दोरीने अडकवून. आता त्या गाडीतल्या सगळ्या बायांच्या घरचे तिच्याच फोनवर लावतात. पहिल्या आठवड्यात रिचार्जपेक्षा चार्जिंगचीच पंचाईत झाली.

तुरीची_शेंग
वा! काकूंना नमस्कार सांगा. आणि गाडीतल्या सगळ्या बायांची नावं व घरचे नंबर एका कागदावर लिहून गाडीत ठेवायला सांगा.

पांदणरस्ता
मंग बुढ्याचं काय झालं? त्याच्यासाठीच तं धागा काढला होता.

वावरचा_पोरगा
बाबा आता म्हणतात, "तिच्यापाशी हाय ना, मले कायले?" रात्रीची लाइन आली की मात्र आईच त्यांच्या बंडीच्या खिशात फोन टाकते, चालू करून. दारातून निघताना तपासते. माझं ऐकत नव्हते, तिचं ऐकतात.

मोहफूल
दुसरा घ्या, त्यात मेमरी कार्ड टाका. भजनं भरून द्या. बंद ठेवणार नाहीत.

हिशोबनीस
म्हणजे तीन सिम.

डवरा
गळ्यात अडकवायची ती दोरी आणि पिशवी कुठे मिळते? आमच्या आईचा फोन दर वेचणीला ओटीतल्या कापसात जातो आणि मग गंजीत शोधावा लागतो.

वावरचा_पोरगा
दोरी बाजारात मिळाली. पिशवी आईने जुन्या नऊवारीच्या काठाची शिवली, वरून बटण लावलं. फोटो टाकतो उद्या.